नेम कोणाचा चुकला?

शिकारकथांमध्ये बंदूक कधी बिघडत नाही. वारा ऐन वेळी उलटा फिरतो, हाकारे घाबरून झाडावर चढतात, मचाणाची दोरी करकरते, सोबतच्या पाहुण्याला नेमका तेव्हाच खोकला येतो. बंदूक मात्र पतिव्रतेसारखी असते. जिम कॉर्बेटने १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली तेव्हा त्याला .२७५ बोअरची रिग्बी रायफल बक्षीस मिळाली, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तिचा एखादा स्क्रू ढिला झाला तेव्हा कॉर्बेटसाहेबाने काय केले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मला मात्र शिकारीची पुस्तके वाचताना नेहमी हाच प्रश्न पडतो. त्याचे कारण आमचे तात्या.

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी रायफल आणून ठेवल्याबद्दल गृहिणी रागावणार नाहीत अशी आशा आहे. तसे पाहिले तर घरोघरी या दिवसांत टिकल्यांची पिस्तुले वाजतच असतात. आणि तात्यांच्या रायफलीने ज्या दिवसांत आमच्या घराची झोप उडवली ते दिवसही दसरादिवाळीचेच होते. साल १९६६.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगराच्या कडेला आमची शेती. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, पण आमच्या वाट्याला तिचे पाणी नाही. आमच्या वाट्याला खडक आणि रानडुकरे. भाद्रपद-आश्विनात भुईमूग भरला की डोंगरातून कळप उतरत. डुक्कर भुईमूग खाते ते खातेच, पण खाल्ल्याच्या चौपट उकरून ठेवते. सकाळी शेतात गेले की नांगरट झाल्यासारखे दिसे. गडीमाणसे रात्रभर डबे बडवीत. डुकरांना चारआठ दिवसांत त्या संगीताची सवय होई.

रायफल आजोबांची. बी.एस.ए. कंपनीची, .३१५ बोअरची. या कंपनीच्या सायकलींवरही एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची मुद्रा असे. .३१५ हा आकडाही मोठा मौजेचा आहे. लष्कराचे काडतूस .३०३ चे, ते रयतेच्या हाती पडू नये अशी इंग्रज सरकारची व्यवस्था. म्हणून कारखानदारांनी रायफलीची घडण बहुतांशी तीच ठेवली आणि काडतूस तेवढे ऑस्ट्रियाच्या मानलिखर जातीचे घेतले. राज्यकर्त्यांच्या संशयातून जन्मलेले हे हत्यार पुढे हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांचे आणि शिकाऱ्यांचे नेहमीचे हत्यार झाले. स्वातंत्र्यानंतर ते बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. आजोबांचा पहिला परवाना निजामाच्या अमदानीतला, उर्दूतला. १९४८ साली संस्थान गेले, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. दर वेळी परवान्याची भाषा आणि शिक्का बदलला. रायफल तीच राहिली.

तात्यांचा नेम तालुक्यात नावाजलेला होता. फुशारकी त्यांना ठाऊक नव्हती. पंधरा काडतुसे वर्षभर पुरवणारा तो माणूस. जनावर आडवे उभे राहिल्याशिवाय घोडा ओढायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या साली गोकुळाष्टमीच्या सुमारास त्यांची गोळी पहिल्यांदा चुकली. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा चुकली नाही, आणि तेच वाईट झाले. डुकराच्या मागल्या फऱ्यात गोळी लागली आणि ते रक्त सांडीत दरीत उतरले. तात्या आणि आमचा सालगडी दोन दिवस त्या रक्ताच्या मागावर होते. सापडले नाही. तिसऱ्या दिवशी तात्या घरी आले, पाय धुतले, रायफल खुंटीला अडकवली आणि काकूंना म्हणाले, "आजपासून हिला हात लावायचा नाही."

घरात या गोष्टीचा निकाल एका दिवसात लागला. तात्यांना बावन्नावे वर्ष चालू होते. "डोळे गेले हो," काकू हळूच म्हणाल्या. शेजाऱ्यांनी मोतीबिंदूची शंका काढली. चावडीवर सालगड्याला कोणीतरी म्हणाले, "मालकाचं आता वय झालं गड्या." ते तात्यांच्या कानावर गेले. रानडुकराने भुईमूग खाल्ल्याचे त्यांना एवढे दुःख झाले नसेल. नगरला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सांगितले की लांबचे उत्तम दिसते, जवळच्या कामाला चष्मा लागेल. या उत्तराने दोन्ही पक्षांचे समाधान झाले नाही. कारण रायफलीचा नेम म्हणजे तीन गोष्टी एका ओळीत आणणे: मागची खाच, पुढची माशी आणि लांबचे लक्ष्य. पन्नाशीनंतर मागची खाच पुसट होते, हे खरेच आहे. मग दोष डोळ्याचा की हत्याराचा?

मी तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होतो. (आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे, आठवणीत मात्र ते जुन्याच नावाने येते.) चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून, कॉलेजातल्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली होती. कवायतीत मला विशेष गती नव्हती, पण नेमबाजीच्या मैदानावर शिकवलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती. ती अशी की गोळी मध्यावर लागली की नाही हे आधी पाहायचेच नाही. पाच गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून झाडायच्या आणि पाच भोके एकमेकांजवळ आहेत का, ते पाहायचे. भोके एकत्र पण भलतीकडे पडली असतील तर माशी सरकलेली असते. ती ठोकून जागेवर आणता येते. भोकेच विखुरलेली असतील तर काहीतरी ढिले आहे, झिजले आहे, किंवा माणूस डळमळतो आहे.

दसऱ्याच्या सुटीत मी हे तात्यांना सांगितले. ते गप्प बसले. मग काकूंना म्हणाले, "दोन पोती वाळू भरून ठेवा."

ओढ्याच्या उंच काठाला पाठ करून आम्ही एक फळी उभी केली. तिच्यावर जुने वर्तमानपत्र आणि काजळीने काढलेला भाकरीएवढा वर्तुळाकार ठिपका. शंभर पावलांवर वाळूच्या पोत्यांवर रायफल टेकवून तात्यांनी पाच गोळ्या झाडल्या, दोन गोळ्यांच्या मध्ये नळी निवू देऊन. कागद आणून पाहिला. भोकांचा पसारा दोन विती. तात्यांचा चेहरा पाहवेना. मग त्यांनी रायफल माझ्या हातात दिली. माझे डोळे एकोणीस वर्षांचे. माझ्याही पाच गोळ्यांचा पसारा दोन विती.

तो कागद तात्यांनी घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. काकूंना दाखवायला.

डोळ्यावरचा आरोप असा अर्धाअधिक निघाला. पण मग दोष कुठे? इथून पुढचे आठ दिवस मला फार आवडले होते. एखाद्या रोग्याची नाडी पाहावी तसे आम्ही त्या रायफलीजवळ बसत होतो. तात्यांची घाई अशी की सगळेच एकदम दुरुस्त करून टाकावे. माझा हट्ट असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागद पाहायचा. नाही तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. काडतुसे मोजकी. परवान्यावर मिळत तेवढीच, आणि प्रत्येक गोळीमागे तात्या एक उसासा टाकीत.

काडतुसांवरच पहिला संशय होता, कारण ती तीन पावसाळे पाहिलेली होती. बीडहून खडकीच्या कारखान्यातली ताजी आणली. पसारा तोच. काडतुसे निर्दोष सुटली.

मग स्क्रू. या जातीच्या रायफलीचे लाकूड दोन तुकड्यांचे असते. पुढचे लाकूड नळीखाली आणि मागचा दस्ता वेगळा. दस्त्याच्या पोटातून एक लांब बोल्ट जातो आणि तो त्याला पोलादी खोबणीत आवळून धरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड इतके आकसते की दाराच्या फळ्यांतून रस्ता दिसतो. दस्ता हातात धरून पिळला तर किंचित हलत होता. इतका किंचित की तात्यांना तो वर्षानुवर्षे हलतो आहे हे कळले नव्हते. दस्त्याच्या टोकाची पट्टी काढून, विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनाचा लांब पेचकस आत घालून तो बोल्ट आवळला. पुढचा, घोड्याजवळचा मोठा स्क्रूही अर्धा आटा फिरला. पुन्हा पाच गोळ्या. पसारा दीड वीत.

तात्या उत्साहाने उठून उभे राहिले. मला मात्र ते पुरेसे वाटले नाही, आणि खरे म्हणजे त्यांनाही वाटले नव्हते.

लाकडाचे आणखी एक दुखणे असते. पावसाळ्यात ते फुगते आणि नळीला एका अंगाने दाबते. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते. त्या थरथरीत कोणी एका बाजूने बोट लावले तर सूर बदलणारच. एक रुपयाची नोट नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवून पाहिली. उजव्या अंगाला ती अडकली. गावच्या सुताराने काचेच्या तुकड्याने तिथले लाकूड हलकेच खरवडले आणि जवसाचे तेल पाजले. कागदावर फरक पडला, पण नावाला. माशी पाहिली, मागची खाच पाहिली. दोन्ही ठाम होत्या. शेवटी बोल्ट काढून नळीतून आभाळाकडे पाहिले. आत आरसा! आटे लख्ख, गंजाचा ठिपका नाही.

त्या आरशावर तात्यांचा फार जीव. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत एक प्रकारचा क्षार उरतो. तो हवेतले पाणी ओढतो आणि रातोरात गंज धरतो. म्हणून तात्या गोळी झाडल्याच्याच रात्री, कितीही दमले असले तरी, नळीतून उकळते पाणी ओतीत, मग तेलाची चिंधी फिरवीत. काकूंच्या चुलीवर रात्री बारा वाजता जे आधण चढे ते चहाचे आहे की रायफलीचे, हे आम्ही मुले अंथरुणातून ओळखत असू. एवढी निगा असलेल्या नळीला नावे कशी ठेवायची?

शेवटी आम्ही दोघे एस.टी.ने बीडला गेलो. पेठ बीडात, बिंदुसरेच्या अलीकडे, बंदुका दुरुस्त करणारे एक वृद्ध उस्ताद होते. दुकान लहान, पण आत एक लेथ होता. उस्तादांचे वडीलही हेच काम करीत, हैदराबादेत. त्यांनी आमची सारी कहाणी ऐकून घेतली, कागद एकापुढे एक मांडून पाहिले, आणि नळीच्या आत डोकावलेसुद्धा नाही. रायफल उलटी धरून ते नळीच्या तोंडावरून अंगठ्याचे नख गोल फिरवू लागले. मग दारू काढून टाकलेले एक काडतूस घेतले आणि त्याच्या गोळीचे टोक तोंडाकडून नळीत खुपसले. नळी चांगली असेल तर गोळी थोडी आत जाऊन अडकते. आमची पितळेच्या काठापर्यंत आत गेली, आणि वर हलूही लागली. एका बाजूला अधिक.

"साब," उस्ताद तात्यांना म्हणाले, "नली आईना है. मगर मुँह घिस गया."

मी विचारले, तोंडाशी एवढे काय आहे? उस्तादांनी कोपऱ्यातली घागर दाखवली. तिच्या काठाला पोचा आला होता. या घागरीतून पाणी ओता, म्हणाले, धार कुठे पडते पाहा. गोळी नळीतून सुटते त्या शेवटच्या क्षणी तिच्यामागचा वायू चहूकडून सारखा सुटला पाहिजे. काठ एका बाजूने झिजला असला की वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीच्या बुडाला ढुशी देतो. शंभर पावलांवर त्या ढुशीची वीत होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "साफ कैसे करते?"

तात्यांनी सांगितले. पितळी गज, त्याला चिंधी, तोंडाकडून आत, वीस वेळा, दर महिन्याला एकदा, आणि गोळी झाडली की त्या रात्री. तीस वर्षे.

आता हे सांगायला हवे की या रायफलीचा बोल्ट मागून सहज निघतो. मागच्या बाजूने गज घातला, किंवा दोरीला चिंधी बांधून ती मागून पुढे सरळ ओढून घेतली, की तोंडाला धक्का लागत नाही. तात्यांना बोल्ट काढता येत नव्हता असे नाही. नळीतून पाहायला तो ते रोज काढीत. पण साफसफाई त्यांनी लहानपणी शिकली होती ती आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीवर. ठासणीच्या बंदुकीला मागे दारच नसते. दारू तोंडातून, छर्रे तोंडातून, चिंधीही तोंडातून. बंदूक बदलली, हात तोच राहिला.

"पण पितळ मऊ," मी म्हणालो, "पोलाद कठीण. पितळाने पोलाद कसे झिजेल?" उस्ताद हसले. त्यांनी तात्यांचा गज मागवला (तो आम्ही सोबत आणला होता) आणि उन्हात धरला. मऊ असते म्हणूनच, ते म्हणाले. शेतातली बारीक वाळू त्यात रुतून बसते. मग तो गज राहत नाही, कानस होतो. इंजिनाचे व्हॉल्व्ह आपण मऊ हाताने मसाला लावून घासत नाही का? तसेच. आणि माणूस उजव्या हाताने गज ढकलतो, म्हणून काठ एकाच अंगाला खाल्ला जातो.

तात्या गप्प. मला त्या क्षणी उस्तादांचा राग आला होता. एवढे स्पष्ट सांगायची काय गरज होती? लाकूड फुगले होते, बोल्ट ढिला होता, एवढ्यावर भागवता आले असते. आज वाटते, त्यांनी सांगितले तेच बरे केले. तात्या काही लहान मूल नव्हते, आणि ज्याच्या हातून जनावर जखमी होऊन दरीत गेले त्याला कारण कळण्याचा हक्क होता.

तोंडाकडची नळी कापून टाकायची तर पुढची माशी आड येत होती. म्हणून उस्तादांनी दुसरा उपाय केला. लेथवर नळी अगदी मध्यावर बांधली आणि तोंडापासून अर्धा इंच आतपर्यंतचे झिजलेले आटे बारीक हत्याराने मोठ्या भोकाचे करून काढूनच टाकले. जिथे आटे शाबूत होते तिथे नवा काठ केला. गोळीच्या दृष्टीने नळी अर्ध्या इंचाने आखूड झाली, बाहेरून पाहणाऱ्याला कळणारही नाही. शेवटी एका गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला व्हॉल्व्ह घासायचा मसाला लावून त्यांनी तो काठ हलक्या हाताने गुळगुळीत केला. ज्या मेळाने तोंड बिघडले होते, पितळ आणि घासणारी भुकटी, त्याच मेळाने ते सुधारले, फरक हाताचा.

परतीच्या एस.टी.त मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत तात्या बोलले नाहीत. मग खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाले, "आमच्या आबांनी शिकवलं होतं तसं करत आलो."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ओढ्याकाठी पाच गोळ्या झाडल्या. पाची भोके तळहाताखाली झाकली. दोन बोटे डावीकडे होती, ती माशी ठोकून बरोबर केली. मग तात्यांनी चष्मा काढून पाच झाडल्या, घालून पाच झाडल्या. चष्म्याने लक्ष्य पुसट होते आणि चष्म्यावाचून खाच, असे दिसले. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मागची खाच सुताराच्या कानशीने केसभर रुंद केली. डोळ्याचाही थोडा हिस्सा होताच, तो त्यांनी असा कोणाला न सांगता चुकता केला. मार्गशीर्षात एक डुक्कर पडले, जागच्या जागी.

पुढची गोष्ट फार नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि ते बरेच झाले. त्याच साली पडलेल्या दुष्काळात आमच्या डोंगरात जनावरे राहिलीच किती होती! १९९४ पासून आमच्याच तालुक्यात नायगावला मोरांचे अभयारण्य आहे. रानडुकरे मात्र आजही भुईमूग उकरतात, आणि वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्यांच्यावर कोणाला बंदूक उचलता येत नाही. तात्यांच्या मागे परवाना चुलतभावाच्या नावावर झाला. दर निवडणुकीला रायफल पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची, एवढाच तिचा प्रवास उरला होता. २०२५ च्या आरंभी बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने तपासायला घेतले गेले आणि कितीतरी रद्द झाले. चुलतभावाने ती त्याच्या आधीच कायमची जमा करून टाकली होती. जिल्ह्यात बंदुका ज्या कारणांसाठी मिरवल्या जाऊ लागल्या होत्या ती पाहता, मला त्याचे वाईट वाटले नाही. काकू असत्या तर त्यांनाही वाटले नसते. त्यांच्या चुलीवरचे एक आधण कमी झाले असते.

पण तो गज मात्र घरातच आहे. १९६७ च्या दसऱ्याला मी गावी होतो. तात्यांनी पाटावर रायफल ठेवली, बोल्ट काढून शेजारी ठेवला, मागच्या बाजूने दोरीची चिंधी एकदा, दोनदा, तीनदा सरळ ओढली आणि थांबले. मग उठून आत गेले, फडताळातून तो पितळी गज काढून आणला, आणि तोही पाटावर आडवा ठेवून त्याला हळदकुंकू वाहिले. काकू झेंडूची फुले घेऊन उभ्या होत्या. "याला कशाला?" त्या म्हणाल्या.

"असू दे," तात्या म्हणाले, "आबांचा आहे."